उठताना बटण फिरवायचं

रामनगर,
६ एप्रिल १९९९

प्रिय कमल,

पाकिटावरचं अक्षर बघून पत्र माझं आहे हे तू ओळखलं असशील, आणि पाकिटाची जाडी बघून तुझ्या कपाळाला आठ्याही पडल्या असतील. वर्षातून एकदा संक्रांतीला कार्ड टाकणारी बाई एकदम एवढी पानं लिहिते म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे कुणालाही कळेल. बिनसलेलंच आहे, पण घाबरू नकोस. इथे सगळे धडधाकट आहेत. माझी आई अजूनही पहाटे उठून सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात कोंबड्यांना शिव्या घालते. तुझा लखूही बरा आहे. त्याचं नाव आलं म्हणून पत्र घडी करून ठेवू नकोस, एवढं माझं ऐक. तू पाठच्या भावाशी चार वर्षं बोललेली नाहीस, आणि त्या न बोलण्यात माझा जो हात आहे तो आज तुला सांगायचा आहे. सांगून झाल्यावर तू माझ्याशी तरी बोलशील की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून आधी थोडं इकडचं तिकडचं लिहिते. भित्र्या माणसाची सवय म्हण.

दुकान चालू आहे. जागा तीच, बसस्टँडसमोरची, वरचे पत्रे तेवढे नवे घातले. बाहेर एसटीडीची पिवळी पाटी लागली आहे, त्यामुळे टायपिंगपेक्षा गोव्याला फोन लावणाऱ्यांचीच गर्दी जास्त. एकेक जण असा ओरडून बोलतो की फोनची गरज काय असं वाटावं. आत आता दोन मॉनिटर आहेत, दोन कीबोर्ड आहेत आणि खुर्च्याही दोन. एका खुर्चीवर मी बसते, दुसरीवर कागदांचे गठ्ठे. येणारा-जाणारा विचारतो, कमलच्या जागी कुणाला का घेत नाहीस? मी म्हणते, तिच्यासारखी मिळत नाही. ते खरंच आहे, पण पूर्ण खरं नाही.

आपला थाट काय होता, आठव. दोन मशीनं, एक मॉनिटर, एक कीबोर्ड आणि भांडायला दोघी. सुरुवातीला मॉनिटर दोन होते, पण पहिल्याच पावसाळ्यात माझ्या मॉनिटरमध्ये ऊब बघून पाल शिरली आणि फट्कन आवाज झाला. पालही गेली, मॉनिटरही गेला. 'अनुसयेनं पाल टाइप केली' म्हणून तू आठवडाभर सगळ्या बसस्टँडला सांगत होतीस. माझ्या कीबोर्डची वायर उंदरांनी त्याच्या आधीच कुरतडली होती. नवं घ्यायची आपली ऐपत नव्हती, तेव्हा बेळगावच्या दत्तात्रय मेकॅनिकनं ती डबी आणून दिली. करड्या पत्र्याची, पुढे जुन्या रेडिओला असतं तसं फिरवायचं बटण, एका अंगाला एक आकडा, दुसऱ्या अंगाला दोन. दोन्ही मशीनच्या वायरी मागून आत जायच्या आणि पुढे एकच पडदा, एकच कीबोर्ड. बटण एकवर असलं की दोन्ही माझे, दोनवर असलं की दोन्ही तुझे, आणि तोवर दुसरीचं मशीन आपलं मुकाट चालू राहायचं. माझ्यात इंग्रजी अर्ज आणि दाखले, तुझ्यात मराठी अक्षरांचं कार्ड बसवलेलं, म्हणून लग्नपत्रिका आणि जत्रेची हँडबिलं तुझ्याकडे. बटण भलतीकडे असताना मशीन चालू केलं की ते पीं पीं ओरडायचं आणि पडद्यावर लिहायचं, कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. तू पहिल्यांदा ते वाचून पोट धरून हसलीस. "कीबोर्ड न्हाई म्हणतंय आनि त्याच्यावरच दाब म्हणतंय! आमच्या आत्याचाच गुण बघ ह्यो."

पण त्या डबीनं आपल्याला रडवलंही. तू कागदावर नजर ठेवून टाइप करायचीस, पडद्याकडे बघायचीच नाहीस. एकदा मी बटण माझ्याकडेच ठेवून उठले आणि तू कुणाचीतरी अख्खी लग्नपत्रिका माझ्या इंग्रजी अर्जात टाइप केलीस. सगळी एबीसीडीची खिचडी. त्या दिवशी तू नियम घातलास, उठताना बटण फिरवायचं. जिला उठायचं तिनं दुसरीच्या आकड्यावर करून उठायचं. आपलं जेवण झालं की मागच्याचं पान मांडून उठावं तसं, असं तू म्हणालीस. मला तो नियम फार आवडला होता. पंधरा दिवसांत तो हातात इतका बसला की डोक्याला विचारायची गरजच राहिली नाही. तू पाणी प्यायला उठलीस तरी तुझा हात बटणाकडे जायचा, आणि मी रागावून उठले तरी माझा जायचा. भांडण चालू असताना एकमेकींची सोय बघणाऱ्या आपण दोघीच असू.

मग आप्पा यायला लागले. तुझे आप्पा म्हणजे सगळ्यांचे भिकाजी टपालवाले. आपण सातवी-आठवीत असताना सुप्याच्या धरणाचं पाणी गावावर चढलं आणि सगळे इकडे आलो, त्याच्या आधी सव्वीस वर्षं त्यांनी तिथे टपाल वाटलेलं. त्यांना गाव आठवायचं तेही टपालाच्या वाटेनंच. दुपारी तीनला काठी टेकत यायचे, स्टुलावर बसायचे, डोळे मिटायचे आणि चालू लागायचे. कुणाचं घर, दारात काय झाड, कुणाचा मुलगा सैन्यात, कोण पत्र वाचून घ्यायचं आणि कोण न वाचताच ट्रंकेत ठेवून द्यायचं, कुणाकडे ताक मिळायचं आणि कुणाकडे कुत्रं सोडलेलं असायचं. ते सांगायचे, तू टाइप करायचीस. मधेच कुणी काही विचारलं तर हात वर करायचे, "थांब गं, अजून लाडूच्या दारात हाय मी." तुझं त्याचं पुस्तक करायचं होतं, छोटंसं. धरणानं उठवलेल्या प्रत्येक घरात एक द्यायचं होतं. लोकांनी आपलं घर त्यात शोधायचं, एवढीच तुझी इच्छा.

आणि मी काय करत होते? मी खोळंबून बसलेली असायचे. कीबोर्ड एकच. तीन ते पाच आप्पांचं गाव आणि माझे अर्ज बाजूला. तू कधी विचारलंस तर मी हसून म्हणायचे, चालू दे गं. पण मनातून चडफडायचे. कधीकधी मनात यायचं, संपत का नाही हे गाव एकदाचं. हे लिहिताना मला लाज वाटतेय, पण आज काही लपवायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

तू ते फ्लॉपीवरही घेऊन ठेवायचीस. चौऱ्याण्णवच्या पावसात कपाटातल्या सगळ्या फ्लॉप्यांना बुरशी लागली, तेव्हा मीच तुला म्हणाले, आता ही भानगड सोड, मशीनच्या पोटात कोरडं असतं, तिथेच राहू दे. कागदावर काढून ठेवूया असं तू एकदा म्हणालीस तर आप्पांनी नको म्हटलं. "थैली रिकामी झाल्याबिगर म्या कधी माघारी फिरलो न्हाई. शेवटचं घर झालं की काय ते छापा." सत्त्याऐंशी घरं झाली होती. पलीकडची वाडी तेवढी राहिली होती, चौदा घरांची.

आता तो दिवस. पंचाण्णवचा मे महिना. सकाळी फ्यूज उडाला म्हणून तू लखूला बोलावून घेतलंस. तो तेव्हा गणेशगुडीला कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली वायरमन होता आणि सुट्टीवर आलेला. त्यानं फ्यूज बांधला, माझ्या मशीनचा पंखा घुरघुरतो म्हणून त्याच्यावर एक थाप मारली आणि सायकलवरून निघून गेला. साडेबाराला तू आप्पांना जेवायला वाढायला घरी गेलीस. तुझं मशीन तू बंद केलं नाहीस, परत चालू करताना बटणाची कटकट नको म्हणून आपण ते चालूच ठेवायचो. माझ्या मशीनला तेव्हा कुणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस लागला होता, अक्षरं पडद्यावरून गळून खाली पडायची. दत्तात्रय म्हणाला होता, फॉरमॅट करून टाका, म्हणजे सगळं पुसून कोरं करा आणि नव्यानं भरा. माझं लागेल तेवढं मी बाजूला काढून ठेवलं होतं. तू नाहीस, कीबोर्ड रिकामा आहे, तोवर उरकून टाकू म्हणून मी बसले. बटण एकवर केलं. काळा पडदा आला, कोपऱ्यात पांढरी दोन-तीन अक्षरं. पुसायचा हुकूम टाइप करणार तेवढ्यात कुंभारवाड्याची फुला दारात आली. रेशनकार्डाची झेरॉक्स हवी होती आणि तिची बस एकची, ती चुकली तर दुसरी संध्याकाळी. मी उठले.

आणि उठताना माझ्या हातानं बटण दोनवर फिरवलं. तू तिथे नव्हतीस, बसणारं कुणी नव्हतं, पण हाताला ते काय कळणार. झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकला, फुला घाई करत होती, दहा मिनिटं गेली. परत येऊन बसले तर समोर तोच काळा पडदा, कोपऱ्यात तीच पांढरी अक्षरं. दोघींच्या मशीनचा मोकळा पडदा सारखाच दिसायचा, कमल. मी हुकूम टाइप केला. मशीननं विचारलं, सगळं जाईल, चालेल का? मी वाय दाबलं. आकडे चढायला लागले. माझं लक्ष खिडकीबाहेर, फुलाला बस मिळाली का ते बघत होते. मग नजर डबीवर गेली. बटण दोनवर होतं आणि पडद्यावर त्रेचाळीस टक्के.

तेव्हाच वायर उपटायला हवी होती. प्लग हाताच्या अंतरावर होता. मी उपटला नाही. का नाही, हे मी चार वर्षं स्वतःला विचारतेय. आता उपटून काय उपयोग, असं वाटलं खरं. मी शंभर होईपर्यंत बघत बसले. मग बटण एकवर केलं आणि बाहेर जाऊन रांजणातलं पाणी प्यायले.

तू परत आलीस ती माझ्यासाठी डब्यातून कैरीचं सार घेऊन. तू पायरी चढेपर्यंत माझ्या डोक्यात वाक्य तयार झालं होतं. "करंट गेला आनि दणकन आला बघ, तुझं मशीन कायतरीच करतंय." एवढंच बोलले. तू खुर्चीवर बसलीस, बटण फिरवलंस, काही टाइप केलंस, परत केलंस. मग माझ्याकडे न बघता विचारलंस, "सकाळी लखूनंच फ्यूज बांधला न्हवं?" मी म्हणाले, "व्हय." लखूला दोष द्यायचं माझ्या मनातही नव्हतं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावलं. त्याचं नाव मी घेतलं नव्हतं, तू घेतलंस. मी फक्त व्हय म्हणाले. पण त्या एका शब्दानं जे व्हायचं ते झालं.

संध्याकाळी लखू आला तेव्हा मला वाटलं, हा माझी चोरी पकडणार. त्याला विजेतलं कळतं, तो म्हणेल की असं होतच नाही. त्यानं फ्यूज काढून उजेडात धरला आणि त्याचा चेहरा उतरला. बारीक तार संपली होती म्हणून त्यानं सकाळी दुहेरी बांधली होती, संध्याकाळी येऊन बदलीन म्हणून. "अक्का, तार जाड पडली बघ. झटक्याला तुटायला पायजे हुती, तुटली न्हाई. माझंच चुकलं." आपण होऊन कबूल झाला. न केलेल्या गुन्ह्याची कबुली देणारा माणूस समोर उभा आणि मी बाजूला कागद जुळवत उभी. तू त्याला त्या दिवशी काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

दत्तात्रयला बेळगावला फोन करायला मीच गेले. त्यानं विचारलं, नेमकं काय झालं? मी तेच वाक्य म्हणाले. चार दिवसांनी तो आला, म्हणाला, डिस्क ठीक आहे, नुसती कोरी झाली आहे, झटक्यानं होतं असं कधीकधी. आणि त्यानं सगळं नव्यानं भरून दिलं. आप्पा मात्र हसले. "गाव बुडालं तवा बी म्या थैली घिऊनच भाईर पडलो हुतो. पयल्यापासनं चालू करू की." आठवड्यानं परत येऊन स्टुलावर बसले, डोळे मिटले. पण तेव्हा त्यांची तब्येत उतरली होती. सहाव्या घराशी, लक्ष्मणच्या दारात, ते थांबले. "हितनं म्होरं कुठं गं?" तुला विचारायला लागले. तुला आठवेल तेवढं तू सांगायचीस, ते मान हलवायचे, आणि उद्या परत पहिल्या घरापासून. श्रावणात त्यांनी अंथरूण धरलं आणि गणपतीनंतर गेले. लक्ष्मणच्या घरापुढे ते गेले नाहीत.

तेराव्याला पंगत उठल्यावर तू अंगणात सगळ्यांसमोर लखूला म्हणालीस, "आप्पाला तू दोनदा घालवलंस." मी तिथेच पत्रावळी उचलत होते. माझ्या हातात उष्ट्या पत्रावळींचा ढीग होता आणि तोंडात शब्द होता. मी पत्रावळी उकिरड्यावर टाकून आले आणि शब्द गिळला. पुढच्या वर्षी तुझं लग्न झालं. कानपिळीला सख्खा भाऊ असताना तू चुलतभावाला, अर्जुनला पुढे बोलावलंस. लखू मांडवाच्या मागे जनरेटरजवळ उभा होता. मी त्याला म्हटलं, आत ये रे. तर म्हणाला, "दिवे जायला नकोत अक्काच्या लग्नात. मी हितंच बरा हाय." पाठवणीला तुझी ट्रंक त्यानंच मोटारीच्या टपावर बांधली, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

सांगायला मला वेळ मिळाला नाही असं नाही. आधी आप्पा आजारी म्हणून नको वाटलं, मग ते गेले म्हणून, मग तुझं लग्न ठरलं म्हणून, मग तू बेळगावला सुखात आहेस, तिथे कशाला विष कालवा म्हणून. मला दरवेळी कारण सापडत गेलं. पण खरी गोष्ट दोन वर्षांपूर्वी कळली आणि त्यानंतर मला धड झोप नाही. एका आडत्याचं मशीन असंच चुकून फॉरमॅट झालं होतं. दत्तात्रयनं माझ्याच दुकानात बसून तासाभरात त्यातलं बहुतेक सगळं परत काढून दिलं. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, पुसलेलं परत मिळतं? तो म्हणाला, मिळतं की, त्याच्यावर दुसरं काही भरलं नसलं तर. फक्त काय झालं ते लगेच खरं सांगायला पाहिजे. कमल, सत्त्याऐंशी घरं चार दिवस त्या मशीनमध्ये होती. दत्तात्रय येईपर्यंत होती. मी खरं बोलले असते तर तो ती बाहेर काढू शकला असता, सगळी नाही तरी पुष्कळशी. पुसलं ते हाताच्या सवयीनं, त्याची माफी मी कदाचित मागू शकले असते. पण घालवलं ते माझ्या गप्प बसण्यानं. त्याची कशी मागायची, मला अजून कळलेलं नाही.

लखूचं सांगायचं तर तो आता घरोघरी वायरिंग करतो. फ्यूज बांधून झाला की तीनदा बघतो, परत घरी जायला निघून अर्ध्या वाटेतून चौथ्यांदा बघायला येतो. लोक हसतात त्याला. दर वर्षी मृगाच्या आधी न बोलावता आपल्या दुकानात येतो, अर्थिंग तपासतो, खड्ड्यात मीठ-पाणी घालतो आणि चहा न घेता जातो. "अनुअक्का, तुझं तरी काय जायला नको," असं म्हणतो. मी त्याला दरवेळी दारापर्यंत पोचवायला जाते आणि परत येऊन बसते.

गेल्या मंगळवारी तो आला तो अर्थिंग बघायला नव्हे. लाजत लाजत खिशातून चिठ्ठी काढली. त्याचं लग्न ठरलं आहे, कमल, कॅसलरॉकच्या चंद्राशी, दोन मे रोजी, इथेच. पत्रिकेचा मजकूर त्यानं स्वतः लिहून आणला होता आणि निमंत्रकांत सगळ्यांच्या आधी तुझं आणि तुझ्या यजमानांचं नाव होतं. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "अक्का यायची न्हाई, मला म्हाईत हाय. पन नाव पयलं तिचंच घाल." मी टाइप करायला बसले. तुझं नाव उमटलं आणि माझे हात थांबले. तिथल्या तिथे, तो समोर उभा असताना, मी त्याला सगळं सांगितलं, आता तुला सांगितलं तसंच. तो ओरडला असता तर मी ऐकून घेतलं असतं. तो ओरडला नाही. टेबलाची कड धरून म्हणाला, "म्हंजे मी न्हवतो?" मी म्हटलं, नव्हतास रे. तर म्हणतो, "पन तार जाड हुती की, अनुअक्का." मी म्हटलं, तार जाड होती, पण तिनं काही केलं नाही, मी केलं. त्यानं परत विचारलं, "मी न्हवतो?" चार वर्षं ज्यानं बापाचं गाव आपल्या हातानं पुसलं असं मानलं, त्या माणसाला माझ्या एकट्या तोंडचं पुरत नव्हतं. जाताना म्हणाला, "हे अक्काला तू सांग. म्या सांगितलं तर तिला खोटं वाटंल." म्हणून हे पत्र. त्यासोबत लग्नपत्रिका आहे. नवऱ्यामुलामागे करवली म्हणून उभं राहायला तुमची चुलतबहीण तयार आहे, पण लखूनं तिला अजून होकार दिलेला नाही. माझ्यावर तू किती आणि कशी रागवायचीस ते रागव. मांडवात मी दिसायला नको असेन तर दिसणार नाही. पण तू ये. हळदीच्या आधी ये, आणि त्याला तुझ्या तोंडानं एकदा सांग, की लखू, तू नव्हतास.

अजून म्हणू देणार असलीस तर,
तुझीच
अनुसया